शाळेच्या गॅदरिंगला कोणते गाणे लावावे?

डिसेंबर लागला की कापडाच्या दुकानात एक वेगळे गिऱ्हाईक येऊ लागते. हातात वहीचे फाडलेले पान आणि त्यावर यादी: पिवळे साटन चौदा मीटर, हिरवे क्रेप नऊ मीटर, अठरा पोलक्यांचे खण, थोडे नेट, थोडे टिश्यू, फेट्याचे कापड. या शाळेच्या बाई असतात. बरोबर एकदोन पालक असतात आणि 'भाव नीट लावा, मुलांचं काम आहे' हे वाक्य ठरलेले असते. पुण्याच्या रविवार पेठेत आम्ही हे गिऱ्हाईक बरीच वर्षे पाहत आलो आहोत. अनुभव असा की, गाणे कोणते हे विचारल्याशिवाय कापड देता येत नाही. कोळीगीत म्हटले की वेगळा रंग, लावणी म्हटली की काठ आला, मोराचे गाणे म्हटले की निळे-हिरवे साटन. त्यामुळे गाणी न ऐकताही कोणत्या साली कोणती गाणी चालली हे आम्हाला विक्रीच्या वहीवरून सांगता येते. २०१६ साली 'सैराट' आला. त्या हिवाळ्यात जी शाळा आली तिला 'झिंगाट'साठीच कापड हवे होते.

पण हा लेख कापडाचा नाही. आपल्या लोकांत मंडप, लायटिंग आणि साउंड या धंद्यांत पुष्कळ तरुण आहेत. लग्न, वरात, उरूस, जयंती, उद्घाटन ही त्यांची कामे. हिवाळ्यात त्यात शाळांची स्नेहसंमेलने येतात, आणि फेब्रुवारीत दहावीचे निरोप समारंभ. या पानावर कापड, चामडे, बेकरी, भंगार यांबद्दल वाचायला मिळते. साउंडच्या धंद्याबद्दल कोणी लिहीत नाही. संगीत ऐकावे की नाही याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, तो वाद आम्ही येथे काढत नाही. ज्यांची रोजी या धंद्यावर आहे त्यांच्याशीच बोलायचे आहे.

आधी एका शब्दाचा उलगडा करतो. इंग्रजीत डीजे म्हणजे गाणी निवडून वाजवणारा माणूस. आपल्याकडे डीजे म्हणजे खोक्यांची भिंत. 'डीजे लावला', 'डीजे जप्त झाला' असे आपण म्हणतो. माणसाला आपण साउंडवाला किंवा ऑपरेटर म्हणतो, आणि गाणी निवडणे हे त्याचे काम आहे असे कोणालाच वाटत नाही, त्याला स्वतःलाही नाही. शाळेने पेन ड्राइव्ह दिला, त्याने लावला, संपले. आमच्या भाच्याचाही असाच समज होता. त्याची किंमत आम्ही दोघांनी मोजली.

जानेवारी २०१८ मधली गोष्ट. पानशेतच्या खोऱ्यातल्या एका शाळेचे स्नेहसंमेलन होते. पुण्याहून सिंहगड रस्त्याने खडकवासला, डोणजे, खानापूर असे जावे लागते. तालुका वेल्हे, आता त्याचे नाव राजगड झाले आहे. पुण्याच्या जुन्या व्यापाऱ्याला पानशेत म्हटले की एकच तारीख आठवते, १२ जुलै १९६१. त्या दिवशी आंबी नदीवरचे नवे धरण फुटले आणि पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. आमचा जन्म नंतरचा, पण भिजलेले ताके महिनाभर गच्चीवर वाळत होते ही हकीकत वडिलांकडून इतक्या वेळा ऐकली आहे की जणू आम्हीच ते उचलले. धरण पुढे पुन्हा बांधले गेले; जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. शाळा चढावर, समोर पाणी, मागे डोंगर. मुले दूरच्या वाड्यांवरून चालत येतात, म्हणून कार्यक्रम दुपारी तीनला सुरू करून अंधार पडण्याच्या आत संपवायचा अशी तेथली रीत. कापड आमच्या दुकानाचे आणि साउंड भाच्याचा, म्हणून आम्हीही टेम्पोत बसून गेलो.

पहिले नऊ-दहा नाच चांगले झाले. मग नववीच्या मुलांचे 'फ्यूजन' आले. फ्यूजन म्हणजे पाच-सहा गाण्यांचे तुकडे जोडून केलेली फाइल. यादीत तिच्यापुढे फक्त 'फ्यूजन, नववी' एवढेच लिहिले होते. मुलांनी ती कोठून तरी उतरवून घेतली होती आणि ऐन वेळी भाच्याच्या हातात दिली होती. भाच्याने सुरुवातीचे वीस सेकंद ऐकून 'चालू आहे' म्हणून ठेवून दिली. पहिले तीन तुकडे ठीक होते. चौथ्यात कोणा रिमिक्सवाल्याने मध्येच पुरुषी आवाजात शिव्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत नऊवारीतल्या आज्या बसल्या होत्या. भाच्याचा हात क्षणभर थबकला, मग त्याने आवाज एकदम खाली ओढला. स्टेजवर आठ मुले हात वर केलेल्या अवस्थेत उभी राहिली. त्यांनी महिनाभर सराव केला होता. एक मुलगा रडत विंगेत पळाला.

मुख्याध्यापिका ओरडल्या नाहीत. माईकजवळ येऊन 'पुढचं लावा' एवढेच म्हणाल्या. संध्याकाळी पैसेही पूर्ण मिळाले. परतीच्या वाटेवर भाचा सारखे म्हणत होता, 'मामू, गाणं तर त्यांचंच होतं, यादीत होतं.' आम्हीही त्याला दुजोरा दिला. पण पुढच्या वर्षी त्या शाळेने बोलावले नाही, शेजारच्या दोन शाळांनीही नाही, आणि कापडासाठीही कोणी आमच्या पायरीवर आले नाही. एका धरणाभोवतीचा मुलूख लहान असतो. बातमी एसटीच्या आधी पोचते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की पालकांच्या दृष्टीने गाणे शाळेचे नसते, ज्याच्या खोक्यातून येते त्याचे असते. म्हणून फाइल शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकावी, आणि ती घरी ऐकावी, कार्यक्रमाच्या धावपळीत नव्हे. कापडाचा ताका घेताना आपण वरची घडी पाहून घेतो का? मधला पन्हा उलगडून, उजेडाकडे धरून पाहतो. गाण्याचेही तसेच आहे. धोका मुखड्यात नसतो. मुखडा सगळ्यांना माहीत असतो. धोका दुसऱ्या अंतऱ्यात असतो, रिमिक्समध्ये घुसवलेल्या संवादात असतो, आणि गाणे संपल्यावर फाइलच्या शेपटाला राहिलेल्या दुसऱ्याच गाण्याच्या तुकड्यात असतो.

कॅसेटच्या काळात हा धोका कमी होता असे नाही, पण वेगळा होता. तेव्हा शाळेच्या बाई दुकानदाराकडून एका कॅसेटवर क्रमाने गाणी भरून घेत. भरून देणारा माणूस ते सगळे कानाखालून घालत असे, कारण गाणे जितक्या मिनिटांचे तितकीच मिनिटे भरायला लागत. आता अर्ध्या मिनिटात दोनशे गाणी उतरतात आणि एकही कोणी ऐकलेले नसते.

एका ओळीने काय होते याचा मोठा दाखला २००७ सालचा आहे. माधुरी दीक्षित यांचा 'आजा नचले' हा चित्रपट आला. त्याच्या शीर्षकगीतातल्या एका ओळीत मोची आणि सोनार या दोन कारागिरांचा असा उल्लेख होता की त्यातून एका समाजाचा अपमान होतो, असा आक्षेप निघाला. उत्तर प्रदेश सरकारने चित्रपटावर बंदी घातली. निर्मात्यांनी माफी मागून ती ओळ काढली, तेव्हा बंदी उठली. हे गाणे नाचण्याचेच आहे, चालही उत्तम, आणि ते लिहिणाऱ्यांच्या किंवा गाणाऱ्यांच्या मनात काही वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. पण जुनी ध्वनिमुद्रणे अजून फिरतात, आणि ज्या शाळेत कारागिरांची मुले बसतात तेथे ती ओळ वाजली तर ती त्या मुलाच्या बापाच्या कानावर पडते. आमच्या वाचकांत कारागीर पुष्कळ आहेत, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. जात, धर्म, गाव, पक्ष यांना टोचणारे गाणे शाळेत नको. मग ते कितीही गाजलेले असो आणि मागणारा सरपंचाचा मुलगा असो.

दुसरा प्रश्न शृंगाराचा. याबद्दल साउंडवाले म्हणतात की पालकच अशी गाणी मागतात. हे खरे आहे. १९९३ साली 'खलनायक'मधले ते चोळीचे गाणे निघाले. त्यावरून देशभर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेले, आणि त्याच हिवाळ्यात घागऱ्याचे कापड मागायला बायका दुकानात आल्या. आम्ही विकले. तेव्हा विचार केला नाही. आता विचार करतो तो असा: गाण्यात काय आहे त्यापेक्षा ते कोणाच्या अंगावर घातले जात आहे हे पाहावे. पंचवीस वर्षांची नटी ज्या शब्दांवर जे हावभाव करते, ते नऊ वर्षांच्या मुलीला शिकवले की ती हुबेहूब करते, कारण मुले नक्कल चांगली करतात. तिला अर्थ कळत नाही. समोर बसलेल्यांना कळतो. जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाणी वाहिन्यांना लेखी सूचना दिली की नृत्याच्या कार्यक्रमांत लहान मुलांकडून मोठ्यांच्या चित्रपटांतले, वयाला न शोभणारे हावभाव करून घेऊ नयेत. ती सूचना वाहिन्यांना होती, शाळांना नव्हे. पण शाळेच्या बाईंना ती दाखवली तर त्यांचे काम सोपे होते. पुष्कळदा त्यांनाही ते गाणे नको असते, फक्त पालकांना नाही म्हणायला आधार हवा असतो.

चित्रपटाचे प्रमाणपत्र पाहूनही थोडा अंदाज येतो. २०२४ च्या नियमांनी 'यूए' या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग केले आहेत. पण हल्ली निम्मी गाणी चित्रपटांतली नसतातच, परस्पर इंटरनेटवर येतात, आणि त्यांना कोणाचे प्रमाणपत्र नसते. अमेरिकेत शाळांत मुलांच्या नाचाच्या संध्याकाळी होतात, त्यांना गाणी लावणारा माणूस पैसे घेऊन येतो. तेथे १९८५ साली वॉशिंग्टनमधल्या काही मातांनी गाण्यांतल्या शब्दांविरुद्ध मोहीम काढली, ती त्यांच्या संसदेच्या समितीपुढे गेली, आणि त्यातून ध्वनिमुद्रिकांवर पालकांसाठी सूचना छापण्याची पद्धत पडली. आता तेथे अनेक गाण्यांच्या दोन आवृत्त्या निघतात, एक मूळ आणि एक साफ केलेली. शाळेत वाजवणारा साफ केलेलीच घेतो. आपल्याकडे अशी सोय फारशी नाही. कात्री आपल्यालाच चालवावी लागते, आणि कात्री कोठे लावायची हे शिंप्याला कळते तसे ऑपरेटरला कळले पाहिजे. अंतरा काढायचा तर सम धरून काढावा, म्हणजे नाचणाऱ्याचे पाऊल चुकत नाही. आणि कापलेली फाइल मुलांना सरावासाठी आधीच द्यावी. मुलांनी चार मिनिटांवर सराव केला आणि आपण तीन मिनिटांचे लावले, तर मग आपल्यात आणि त्या रिमिक्सवाल्यात फरक काय राहिला?

पुष्कळदा चाल तीच आणि शब्द वेगळे असतात. अजय-अतुल यांचे 'कोंबडी पळाली' हे 'जत्रा' या २००६ च्या मराठी चित्रपटातले. तीच चाल त्यांनी २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली'ला दिली. ढोल तोच, उसळी तीच. हिंदी गाणे दारूच्या अड्ड्यावरचे आहे. मराठी गाणे गावच्या जत्रेतले, थट्टेचे. मराठी गाणे अगदी बालगीत आहे असे कोणी म्हणणार नाही, आम्हीही नाही. पण मोठ्या मुलांना तो ठेका हवाच असेल तर निवड करायला जागा आहे, किंवा नुसत्या वाद्यांवर वाजवलेली चाल मिळाली तर सगळ्यात बरे. शब्द नसले की नव्वद टक्के भांडण संपते.

याउलट आमच्या उर्दू शाळांत वेगळा घोटाळा होतो. तेथे फिल्मी गाणे नको म्हणून कव्वाली घेतात, आणि कव्वाली म्हटले की सगळे निश्चिंत. साकी, मयखाना, जाम हे शब्द सूफी कवितेत कशाची खूण आहेत हे आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, उस्तादांनी छडी घेऊन शिकवले. पण सातवीचा मुलगा हातात पितळी पेला घेऊन झुलू लागला की पालकांना तो अर्थ दिसत नाही, पेलाच दिसतो. एका शाळेत आम्ही हे पाहिले आहे. मुलाने काम इतके झकास केले की टाळ्याही पडल्या आणि कमिटीची सभाही बसली. हम्द, देशाचा तराना, सणांवरच्या आणि पावसावरच्या नज्मा यांत काय कमी आहे? फक्त त्या ठेक्यात बसवून घ्याव्या लागतात, आणि तबलजी बसवून देतो.

आता वयाचे आणि ठेक्याचे. लहान मुले हळू ठेक्यात गोड दिसतात आणि वेगवान ठेक्यात गोंधळतात. पहिली-दुसरीला मिनिटाला नव्वद-शंभर ठोक्यांपलीकडे जाऊ नये आणि गाणे दोन-अडीच मिनिटांत संपावे असा आमचा अनुभव आहे. 'नाच रे मोरा' १९५३ च्या 'देवबाप्पा'मधले, माडगूळकरांचे शब्द, पु. ल. देशपांडे यांची चाल, आशाबाईंचा आवाज. सत्तर वर्षे उलटली तरी दर हिवाळ्यात निळे साटन त्याच गाण्यामुळे खपते. कारण साधे आहे. शब्दातच कृती आहे, त्यामुळे विसरलेले मूल गाणे ऐकून पुन्हा सावरते. लहानांसाठी गाणे निवडताना हेच पाहावे. पाचवी ते सातवी कोळीगीत, लेझीम, शेतकरी नृत्य. आठवी-नववीला वेग लागतो, तो द्यावा. त्यांना मोराच्या गाण्यावर नाचायला लावले तर ती स्टेजवर येतात पण मनाने येत नाहीत, आणि मग चोरून फ्यूजन आणतात. पानशेतला जे झाले त्यात हाही भाग होता हे आम्हाला पुष्कळ उशिरा समजले. त्या मुलांना यादीत मनासारखे एकही गाणे दिले नव्हते.

'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतावर पूर्वी हमखास नाच बसे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत झाले आहे आणि ते सुरू असताना उभे राहून मान द्यायचा असतो. म्हणून ते नाचाच्या यादीत आले तर शाळेला आधी विचारून घ्यावे. ते सुरुवातीला सर्वांनी उभे राहून म्हटलेले चांगले.

तोरणा आणि राजगड याच मुलखात, त्यामुळे तेथे पोवाडा असतोच. आपले ऑपरेटर पोवाड्यालाही वरातीसारखा बेस लावतात. पोवाडा ही ऐकण्याची गोष्ट आहे. डफ आणि तुणतुणे पुढे हवे, शब्द स्वच्छ हवे. बेस खाली करावा, मधला सूर वर करावा, आणि गाणाऱ्या मुलाचा माईक खोक्यांच्या मागे ठेवावा, म्हणजे शिट्टी मारत नाही. तक्तपोशी लाकडी असेल तर बेसने ती थरथरते आणि स्टँडवरचा माईक तो थरथराट पुन्हा खोक्यात पाठवतो. माईकच्या पायाखाली जाड कापडाची घडी घालावी. कटपीस आमच्याकडून फुकट न्यावा.

पानशेतसारख्या जागी आवाजाचे आणखी एक गणित आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोर १७० मीटरवर डोंगराचा कडा असेल तर ठेका एका सेकंदाने परत येतो, आणि लहान मुले त्या परतलेल्या ठेक्यावर पाय टाकतात. खोकी कड्याकडे तोंड करून लावू नयेत; प्रेक्षकांकडे थोडी खाली झुकवून लावावीत. नाचणाऱ्यांसाठी स्टेजवर एक लहान खोके वेगळे द्यावे. शिवाय सूर्य कलला की पाण्यालगतची हवा आधी गार होते, वरची गरम राहते, आणि आवाज वर जाण्याऐवजी वाकून खाली येतो. दुपारी जो आवाज अंगणापुरता होता तो संध्याकाळी पलीकडच्या काठावरच्या वाडीत स्पष्ट ऐकू येतो. चार वाजता ठरवलेली बटणे सहा वाजता तशीच ठेवू नयेत.

किती मोठा लावावा? उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. म्हणून शेवटच्या रांगेला ऐकू यावे असे लावले की पहिल्या रांगेतल्या बालवाडीच्या मुलांचे कान बसतात. मोठ्या माणसाच्या कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. करमणुकीच्या जागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १०० ही वरची मर्यादा सांगितली, तीही पंधरा मिनिटांच्या सरासरीने. मुलांचे कान याहून नाजूक समजावेत. उपाय सोपा आहे: पुढे दोन खोकी मोठी करण्याऐवजी मधल्या अंतरावर दोन लहान खोकी आणखी ठेवावीत.

कायद्याचे थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. उघड्यावर लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कडकपणे सांगितले आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळेभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र असे आपण ऐकतो, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर ते सरकारने जाहीर केलेले असावे लागते. त्यामुळे स्वतः तर्क करू नये, ठाण्यात विचारावे. परवानगीचा अर्ज शाळेच्या नावाने द्यावा आणि त्याची नक्कल टेम्पोत ठेवावी. साहित्य जप्त झाले की सुटेपर्यंत लग्नाचा हंगाम निघून जातो.

गाण्याच्या हक्काबद्दलही भीती घालणारे भेटतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळांना सूट आहे: शाळेच्या कार्यक्रमात, ऐकणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित लोक एवढेच असतील, तर ध्वनिमुद्रण वाजवणे हा हक्कभंग होत नाही. तिकीट लावून गावाला बोलावले की ही सूट धरता येत नाही. आणि पेन ड्राइव्हवर भरलेली चोरटी गाणी विकणे या सुटीत कधीच बसत नव्हते.

आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. खोऱ्यात मोबाइलला रेंज अडखळते, म्हणून गाणे थेट इंटरनेटवरून लावू नये. रेंज मिळाली तरी मध्येच जाहिरात येते. एका ठिकाणी ईशस्तवनाच्या मधोमध कर्जाची जाहिरात वाजलेली आम्ही ऐकली आहे. सगळे हसले, ईशस्तवन म्हणणाऱ्या मुली सोडून.

भाच्याने त्या पानशेतनंतर एक वही केली. प्रत्येक शाळेचे पान वेगळे, प्रत्येक गाण्यापुढे चित्रपट, साल, मिनिटे, इयत्ता, आणि 'पूर्ण ऐकले' अशी सही. एक सही त्याची, एक शाळेच्या बाईंची. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी यादी बंद. त्यानंतर आलेली फाइल, कोणीही दिली तरी, लागत नाही. आधी दोन शाळांनी नाक मुरडले. मग एका बाईंनी ते पान झेरॉक्स करून पालक सभेत दाखवले, आणि तेव्हापासून तो भावात घासाघीस करत नाही, गिऱ्हाईकही करत नाही.

मधे करोनाची दोन वर्षे गेली, शाळाच बंद होत्या, खोकी गोधडीत गुंडाळून पडली होती. डिसेंबर २०२२ मध्ये पानशेतच्या त्याच शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका त्याच होत्या. भाच्याने यादी मागवली, तीन रात्री बसून ऐकली, आणि दोन गाण्यांवर खूण करून परत पाठवली. बाईंनी एक बदलले. दुसऱ्याबद्दल कळवले की ते नववीच्या मुलांनी स्वतः निवडले आहे, आम्ही सर्वांनी ऐकले आहे, राहू द्या. तेही फ्यूजनच होते. भाच्याने ते पुन्हा दोनदा ऐकले आणि सही केली. आम्हीही टेम्पोत बसून गेलो होतो. ती मुले स्टेजवर आली तेव्हा भाच्याचा हात बटणावर होता आणि गाणे संपेपर्यंत त्याने तो काढला नाही.

कापड मात्र त्या वर्षी त्यांनी दुसऱ्याच दुकानातून घेतले होते. साटन हलके होते. आम्ही बोललो नाही.